बोली लावण्याआधी जरा इकडे बस

काल रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझा मेसेज आला. लिलावाची लिंक, सात फोटो आणि खाली एकच ओळ, ‘ताई, डिलाइट आहे, आत्याच्या गाडीसारखीच क्रीम!’ मी वाचला आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही. रात्री अकराला जुन्या फियाटचा फोटो बघून जो सल्ला तोंडातून निघतो, तो सल्ला नसतो गं. आता सकाळ आहे, चहा झालाय, घरातले कामाला गेलेत. आता ऐक.

घाबरू नकोस, मी नको म्हणणार नाहीये. मिरजेला आत्या बाळंतपणाचा निरोप आला की मध्यरात्री ती गाडी काढायची आणि आपण दोघी मागच्या सीटवर अर्धवट झोपेत तासगावच्या रस्त्याला लागायचो, ते मीही विसरलेली नाही. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा ती काकणं सावरत कसा ओढायची, ते आजही डोळ्यांसमोर आहे. तुला ही गाडी का हवी आहे हे मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच सांगते, लिलावात असलेली गाडी आत्याची नाही. ती सांगलीतल्या कुठल्यातरी गोडाऊनमध्ये बारा वर्षं उभी असलेली, मागचं उजवं चाक बसलेली, १९६८ सालची एक अनोळखी गाडी आहे. तिची किंमत तिच्याकडे बघून ठरवायची. आत्याची आठवण अमोल आहे, पण ती विकायला काढलेली नाही, तेव्हा तिचे पैसे त्या माणसाला द्यायचे नाहीत.

तुला एक हिशेब सांगते. मी तो उलटा केला आणि पस्तावले, तू सुलटा कर. लिलावात आपण विचार करतो की गाडी मिळू दे, मग खर्चाचं बघू. तसं नाही. एक वही घे. वर लिही की या गाडीपायी घरातून जास्तीत जास्त किती पैसे बाहेर काढता येतील. साडेचार लाख म्हणालीस ना मागे? लिही साडेचार. त्यातून लिलाववाल्यांचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वजा कर. ते किती ते अटींमध्ये असतं, आणि बोली लावायच्या आधी वाचायचं असतं. मग सांगलीहून पुण्याला आणायचा ट्रक. ब्रेक जाम असतील तर साध्या टेम्पोत ती चढणार नाही, विंच असलेला फ्लॅटबेड लागेल. मग आरटीओचं काम. मग पत्रा, रंग, इंजिन, चार टायर, वायरिंग, काचांची रबरं, सीट. प्रत्येकाचा आकडा मिस्त्रीला विचारून लिही, मनाने लिहू नकोस. एवढं झालं की एकूण खर्चाचा चौथा हिस्सा आणखी बाजूला काढ, कारण रंग खरवडल्यावर खाली काय निघेल ते देवालाच ठाऊक. हे सगळं वजा जाऊन जे उरतं, ती तुझी बोली. माझ्या अंदाजाने तुझ्या बाबतीत ते लाख-सव्वालाखाच्या आसपास उरेल. कदाचित कमीच.

माझी पद्मिनी मला एक लाख दहा हजारांना मिळाली होती, तुला आठवतं. मी पेढे वाटले होते. ती कात्रजच्या घाटातून पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर वर आली, त्या दिवशी माझ्या वहीतला आकडा चार लाख सहा हजार झाला होता. ती बेरीज मी तुझ्या भाऊजींना आठ महिने दाखवली नव्हती. हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय. पैशांपेक्षा ते लपवणं मला जास्त जड गेलं. तेव्हा तुझी वही उघडी ठेव. घरात सांग, आकड्यासकट सांग. आणि मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडायची नाही, दागिन्यांवर कर्ज काढायचं नाही. यावर मी वाद घालणार नाही.

आता कागद. गाडीपेक्षा आधी कागद बघ, कारण पत्र्याला मिस्त्री सापडतो, गेलेल्या कागदाला सापडत नाही. मी घेतली ती गाडी मूळ मालकाच्या नावावरच होती आणि ते गृहस्थ सहा वर्षांपूर्वी वारले होते. विकणाऱ्याने मला त्यांच्या सह्या असलेले फॉर्म २९ आणि फॉर्म ३० दिले, तारीख रिकामी. मला वाटलं, झालं काम. आरटीओतल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी फॉर्म बघितले आणि शांतपणे विचारलं, सही केली तेव्हा हे हयात होते का? माझ्या पोटात गोळा आला. मालक गेला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्याचा फॉर्म ३१, आणि मग वारसाकडून आपल्याकडे. वारस तीन. एक नाशिकला, एक सुरतेला आणि तिसरी बहीण या दोघांशी बोलत नव्हती. तिच्या दारात मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी तिने पाणी दिलं, सही दिली आणि म्हणाली, ‘ही बाबांची गाडी चालू झाली की मला एकदा बसवा.’ बसवलं. पण त्यात चौदा महिने गेले, आणि त्या चौदा महिन्यांत गाडी कायद्याने माझी नव्हतीच.

म्हणून तू विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचार की आरसीवर कुणाचं नाव आहे आणि ती व्यक्ती आज सही करू शकते का? दुसरा, गाडीवर कधी कर्ज होतं का, आणि असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ आहे का? तिसरा, नंबर ‘वाहन’च्या संगणकावर दिसतो का? आपल्याकडे एमएचचे नंबर १९८९ पासून आले. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या बऱ्याच गाड्यांची नोंद आरटीओच्या जाड रजिस्टरातच राहिली. मोबाइलवर नंबर टाकलास आणि काही आलं नाही, तर ती बॅकलॉग नोंद आधी करून घ्यावी लागेल. त्यासाठी मूळ रजिस्टरातलं पान जागेवर असायला हवं, आणि ते आहे की नाही हे विकणाऱ्यानेच शोधून द्यायला हवं, बोलीच्या आधी. गाडी दुसऱ्या राज्यातली निघाली तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, त्याशिवाय पुढे बोलूच नकोस. आणि नोंदणीचं नूतनीकरण किती वर्षं थकलंय तेही विचार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क वाढलंय, आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला खासगी मोटारीसाठी पाचशे रुपये वेगळे. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर. हे आकडे पण त्या वहीत.

तू परवा फोनवर म्हणालीस की सरकारी लिलावात गाड्या फार स्वस्त असतात. असतात. सरकारी खात्यांच्या, जप्त केलेल्या, मोडीत काढलेल्या गाड्यांचे लिलाव एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर सतत चालू असतात. तिथे ‘जसे आहे जेथे आहे’ हे शब्द दिसतील, आणि त्यांचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा. गाडीत इंजिन नसलं तरी तक्रार नाही. पण त्याहून महत्त्वाची ओळ असते ती आरसीसह की आरसीशिवाय, वापरासाठी की भंगार म्हणून. भंगार म्हणून विकलेली गाडी पुन्हा रस्त्यावर नोंदवता येत नाही. आरसीसह सरकारी लिलावातून घेतलीस तर फॉर्म ३२ भरायचा, ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, आणि सोबत लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्रीचं पत्र. ते पत्र हातात पडल्याशिवाय आवारातून निघू नकोस. नंतर त्या कार्यालयात अधिकारी बदलतो, आणि मग फाईल कुणालाच आठवत नाही.

भंगारवाली गाडी निरुपयोगी असते असं मात्र नाही. तुझी मुख्य गाडी कागदांनी सरळ असेल, तर आरसी नसलेली एखादी मेलेली फियाट सुट्या भागांसाठी घेणं हा शहाणपणाचा सौदा आहे. दरवाजे, काचा, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, सगळं एका जागी मिळतं. फक्त एक गोष्ट कुणी सुचवली तर तिथून उठून ये. ‘ताई, कागद या गाडीचे, बॉडी त्या गाडीची, नंबर आपण ठोकून देऊ.’ गोड बोलून सांगतात, सगळेच करतात म्हणतात. चासिस नंबर बदलणं हा गुन्हा आहे, आणि पकडली जाते ती शेवटची मालकीण.

मध्येच ते ‘व्हीए’ नंबराचं पण सांगून टाकते, कारण लिलावातल्या जाहिरातीत विंटेज नंबर मिळेल असं ठळक लिहिलंय. केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम आणला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी वापरातली आणि मूळ रूपात राहिलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार, नंतरच्याला पाच हजार, नंबरात व्हीए ही अक्षरं. तुझी १९६८ची आहे, वयात बसते. पण चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर नाही. आणि ज्याबद्दल जाहिरातदार गप्प आहे ते असं की विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. तुला ती घेऊन रविवारी भाजी आणायला जायचंय, मिरजेला जायचंय. मग तुला साधीच नोंदणी बरी. व्हीएच्या नावाखाली वीस हजार जास्त मागत असेल तर देऊ नकोस.

आता पत्र्याकडे ये. तुला माहीत आहे, या गाडीला जीपसारखी वेगळी चासिस नाही. १९५३ला इटलीत फियाट ११०० चं १०३ मॉडेल आलं, तेव्हापासून अंग आणि सांगाडा एकच. म्हणजे दरवाज्याखालची पट्टी गंजून गेली तर ती शोभेची वस्तू गेली असं नाही, गाडीचं हाड गेलं. फोटोत क्रीम रंग चकाकतोय तो मला मुळीच आवडला नाही. बारा वर्षं उभ्या असलेल्या गाडीला इतका नवा रंग कुणी आणि का मारला? रंगाखाली पुट्टी किती आहे ते बघायला फ्रिजवर लावायचा छोटा चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून फिरवायचा. जिथे तो पकडत नाही, तिथे पुट्टीचा जाड थर आहे, आणि खाली पत्रा उरलाय की नाही याची शंका घ्यायची. चाकांच्या वरच्या कमानी, दरवाज्यांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ, बॅटरीखालची जागा, पायाखालची चटई उचलून जमीन. चटई उचलू देत नसेल तर गाडी घ्यायची नाही, इतकं सोपं आहे ते.

मुंबईची गाडी असेल तर दोन गोष्टी जास्त बघ. एक, खाऱ्या हवेचा गंज, तो आतून येतो. दुसरी, ती कधी टॅक्सी होती का. मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या तेव्हा डिकीत सिलिंडर बसले. डिकीच्या तळाला भोकं आणि पट्ट्यांच्या खुणा दिसतात, कितीही रंगवलं तरी. टॅक्सी असणं हा दोष नाही, त्या गाड्यांनी एका शहराला वाहून नेलंय. पण टॅक्सीतून खासगीत नोंदणी बदलल्याची नोंद आरसीवर हवी.

इंजिनाला मी त्या मानाने कमी घाबरते. १०८९ सीसीचं साधं, प्रामाणिक इंजिन आहे, आणि ते उघडायला शिकलेली माणसं अजून आहेत. तू फक्त एक व्हिडिओ मागव. प्लग काढून, पंख्याचा पट्टा हाताने ओढून इंजिन फिरतं का ते दाखवा म्हणावं. फिरलं तर बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं यांवर भागेल. जाम असेल तर बोली तेवढी खाली. इंजिन नंबर आणि चासिस नंबर मात्र फोटोत नीट वाचता यायला हवेत, आणि कागदावर पेन्सिल घासून त्यांचा ठसा मागव, आरटीओत घेतात तसा. आरसीशी एक एक आकडा जुळव. मधल्या काळात कुणी इंजिन बदललं आणि त्याची नोंद केलीच नाही, असं फार होतं. माझ्या गाडीत झालं होतं. पेट्रोल महागलं तेव्हा काहींनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, तीही नोंद बघ.

एक प्रेमाचं सांगू? गॅरेजमध्ये जाशील तेव्हा मिस्त्री तुझ्याशी न बोलता सोबतच्या पुरुषाशी बोलेल. सुरुवातीला मलाही असंच व्हायचं. मी मग एकटी जायला लागले. हातात वही, प्रश्न लिहिलेले, आणि प्रत्येक उत्तर त्यांच्यासमोर लिहून घ्यायचं. तिसऱ्या भेटीत आमचे मिस्त्री म्हणाले, ‘ताई, तुम्ही लिहिता म्हणून मला खरं सांगावं लागतं.’ आज ते माझ्या घरच्यासारखे आहेत. सत्तरी ओलांडलीय त्यांनी. सांगलीला जायच्या आधी तू त्यांना फोटो दाखव. तू सातही फोटो बघून जे पाहिलं नाहीस ते त्यांनी आज सकाळी मला एका फोटोत दाखवलं. पुढचं बॉनेट आणि फेंडर यांच्यामधली फट डावीकडे बोटभर आहे, उजवीकडे नाहीच. गाडीला कधीतरी पुढून मार बसलाय.

सुट्या भागांचं आता जे चाललंय ते समजून घे, कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. इटलीत ही गाडी १९६९ला बंद झाली. आपल्याकडे प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती डिलाइट म्हणून, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी म्हणून पुढे तीसेक वर्षं निघत राहिली. त्यामुळे आतले बरेचसे भाग इथलेच मिळतात. इतकी वर्षं ते सहज मिळायचे त्याचं कारण मुंबईची काळी-पिवळी. टॅक्स्या धावत होत्या तोवर ऑपेरा हाऊसच्या दुकानांत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, इथे आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारात माल फिरत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून २०२३च्या त्याच दिवसांत ती थांबली. त्या आठवड्यात टीव्हीवर लोक टॅक्सीला हार घालत होते आणि आमचे मिस्त्री शांत बसून होते. म्हणाले, ‘आता माल कोण ठेवील?’ तेच झालं. दुकानदारांनी उरलेले डबे आवरले आणि तेच डबे आता ऑनलाइन लिलावात, जुना ओरिजिनल माल म्हणून, चढ्या भावाने दिसतात.

म्हणून काय, तर आधी दुकानात फोन कर. क्लच प्लेट, ब्रेकचे सिलिंडर, गॅस्केटचा सेट, यांसाठी लिलावात बोली लावायची काही गरज नाही. जे खरंच मिळत नाही ते बाहेरचं साजशृंगाराचं सामान. ग्रिल, काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्या, मागच्या दिव्यांची लाल काच, मीटर, हॉर्नची रिंग. डुक्कर फियाटचं तर विचारूच नकोस, तो पुढचे दरवाजे उलटे उघडणारा जुना अवतार, त्याची एक व्हील कॅप दिसली की दहा माणसं तुटून पडतात. अशा वस्तूंसाठी बोली लाव, पण विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवून. दिव्याची काच समोरून अख्खी दिसते आणि मागे स्क्रूच्या जागा तुटलेल्या असतात.

परदेशातून मागवताना माझी चूक करू नकोस. मी युरोपातून हेडलाइटच्या काचांची जोडी जिंकली. सुंदर होत्या, खोक्यातल्या, हात न लागलेल्या. बसवल्या आणि रात्री खंबाटकीत समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला दिवे मारू लागला. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे त्या काचा उजेड उजवीकडे टाकतात, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. दुसऱ्या दिवशी उतरवल्या. इटलीतले भाग डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचे असतात हे कायम लक्षात ठेव. दिवे, स्टिअरिंग बॉक्स, वायपर, डॅशबोर्ड, हे तिकडचे नकोत. आणि किमतीचं म्हणशील तर सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, भाडं आणि विमा, तिन्हींच्या बेरजेवर लागतं. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मग या सगळ्यावर जीएसटी. पोस्टमन पावती घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मला कळलं.

बुधवारी रात्री नऊला तुझा लिलाव बंद होणार. त्या शेवटच्या दहा मिनिटांची मला खरी काळजी आहे. काही ठिकाणी ठरलेल्या क्षणी दार बंद होतं. काही ठिकाणी शेवटच्या एक-दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा मागे जातं, आणि असं वाटेल तेवढ्या वेळा. तुझ्याकडे कुठला प्रकार आहे ते अटींत आजच वाच. घड्याळ मागे जाणारं असेल तर शेवटच्या सेकंदाला झडप घालण्यात काही अर्थ नाही, ते तुला जागं ठेवायलाच तसं केलेलं असतं. जिथे तुझी कमाल रक्कम आधीच भरून ठेवता येते आणि यंत्र गरजेपुरतीच एक एक पायरी चढवतं, तिथे आकडा टाक आणि फोन स्वयंपाकघरात ठेवून ये. हवं तर गोल आकड्याच्या थोडा वर टाक. बरेच जण लाखावर किंवा सव्वालाखावर थांबतात, तू एक लाख सव्वीस हजार टाक. पण तो वहीतल्या शिल्लकीच्या आत असला तरच.

आणि कुणीतरी तुझ्यावर बोली चढवली तर छातीत जे धडधडतं ना, त्याचं ऐकू नकोस. तो समोरचा कदाचित तुझ्यासारखाच कुणी वेडा असेल, कदाचित भाग काढून विकणारा असेल, कदाचित विकणाऱ्याचाच माणूस असेल. पडद्यावर ते कळत नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी एक निबंध लिहिला होता. समुद्रातल्या तेलाचे पट्टे लिलावात घेणाऱ्या कंपन्या जिंकूनही तोट्यात का जातात, यावर. त्यांचं म्हणणं साधं आहे. तळाशी किती तेल आहे हे कुणालाच दिसत नाही, सगळे अंदाज बांधतात, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला असतो तोच जिंकतो. तुझ्या फियाटचंही तेच. क्रीम रंगाखाली काय आहे ते पन्नास जणांना दिसत नाहीये. पन्नास जणांत सगळ्यात जास्त भुललेली तू असू नयेस, एवढंच मला बघायचंय.

अनामत भरताना तेवढी खबरदारी घे. पैसे लिलाव घेणाऱ्याच्या कंपनीच्या खात्यातच, कुणाच्या खासगी मोबाइल नंबरावर नाही. ‘मॅडम, बाहेरच्या बाहेर देऊन टाकू, लिलावातून काढतो’ असा फोन आला तर तो नंबर ब्लॉक कर. जिंकलीस तर गाडी किती दिवसांत उचलायची ते बघून ट्रकवाल्याशी आधीच बोलून ठेव, मुदतीनंतर गोडाऊनचं रोजचं भाडं चालू होतं. आणि ठेवणार कुठे? सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये नुसतं कव्हर टाकून नको. कव्हराखाली ओल धरते आणि एका पावसाळ्यात उरलेला पत्राही जातो. सासरच्या वाड्यातली पडवी मोकळी आहे ना, तिथे विचार.

नाही मिळाली तर रडशील, मला माहीत आहे. मी तशा तीन गाड्या सोडल्या. तिसरी सोडली त्या रात्री जेवले नाही. त्यानंतर पाच महिन्यांनी वाईतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या गोठ्यात माझी दुसरी गाडी मिळाली. लिलाव नाही, घड्याळ नाही, सगळे कागद एका पत्र्याच्या डब्यात, १९७४ पासूनच्या सर्व्हिसच्या पावत्यांसकट. अशा गाड्या आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत अजून उभ्या आहेत. त्या लिलावात येत नाहीत, विचारत फिरावं लागतं.

तर रविवारी सकाळी सहाला मी तुझ्या दारात असेन. सांगलीला दहापर्यंत पोचू, गोडाऊनवाल्याला फोन करून चावी असेल याची खात्री तू करून घे. मिस्त्री यायला तयार आहेत, त्यांना पुढे बसवू, त्यांचे गुडघे दुखतात. चुंबक आणि बॅटरी मी आणते. तू वही आण, आणि निघण्याआधी पहिल्या पानावर तो शिल्लकीचा आकडा लिहून खाली सही कर.